शांतवनकाकांचे पाप

आमच्या मंडळीत पाप नसलेला माणूस एकच होता, आणि सर्वांत अवघड प्रसंग त्याच्यावरच आला. मोताळ्यात त्या वेळी ख्रिस्ती घरे वीस-बावीस. वर्षातून एकदा, कपाशीची पहिली वेचणी घरात आली की चर्चच्या अंगणात मांडव पडे आणि तीन दिवसांची सभा भरे. शेवटच्या दिवशी सकाळी साक्षी होत. साक्ष म्हणजे प्रभूने आपल्याला कशातून बाहेर काढले ते सर्वांसमोर उभे राहून सांगणे. त्यासाठी माणूस आधी कशात तरी पडलेला असावा लागे. शांतवनकाका कशातच पडले नव्हते. ते दवाखान्यात कंपाउंडर होते, चहा बशीतून पीत, सायकल हातात धरून चालत आणि रविवारी तिसऱ्या बाकावर डाव्या टोकाला बसत. तीस वर्षांत त्यांनी बाक बदलला नव्हता.

काका आमचे शेजारी. माझे वडील मंडळीचे पाळक असल्यामुळे चर्चच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला मिळालेल्या होत्या, आणि त्यांना लागून काकांच्या दोन. मधली भिंत एका विटेची. पलीकडे चमचा पडला तर आमची आई चुलीपासून न उठता विचारी, "काय सांडलं वं?" आणि सुशीलाकाकूंचे उत्तर भिंतीतून येई. पहाटे कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा होई. वडील त्याच्याही आधी उठून अंगणातल्या कडुनिंबासमोर उभे राहून रविवारचे प्रवचन म्हणत. निंबाखाली आमची शेळी बांधलेली असे. मंडळीतील कोणाहीपेक्षा तिने अधिक प्रवचने ऐकली. वडील नगरकडचे, घरातही व्यासपीठावरची मराठी बोलत. आई इथलीच. "वरणात मीठ किंचित कमी आहे असे मला वाटते," असे वडील म्हणत. "मंग घ्या ना टाकून, हात देले आहे ना देवानं," असे आई म्हणे. हिवाळ्यात कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि पाट्यावर वाटलेला ठेचा यांच्या वासात मी या दोन भाषा ऐकत वाढलो. दोघांनीही आपली भाषा कधी सोडली नाही, आणि माझ्या आठवणीत त्यांचे भांडणही नाही.

घरात पुस्तकांची एक फळी होती आणि तिचा एक नियम होता. बायबलवर दुसरे काहीही ठेवायचे नाही: पुस्तक नाही, चष्मा नाही, आलेले पत्रसुद्धा नाही. बायबल नेहमी सर्वांत वर. मी वाचनालयातून कादंबऱ्या आणी, त्याला वडिलांची हरकत नसे. पण त्या फळीवर ठेवायच्या तर खाली. चर्चमध्ये एक पेटी होती. तिचा एक सूर लागत नसे. दुरुस्ती करणारा अकोल्याशिवाय मिळत नव्हता, म्हणून मंडळीने तो सूर सोडून गाणे शिकून घेतले. बाहेरगावचा पाहुणा आला की त्या जागी तो एकटाच गाई आणि गोंधळून इकडेतिकडे पाही. पुढे पेटी दुरुस्त झाली, तेव्हा त्या सुराची सवय व्हायला आम्हाला वर्ष लागले.

मी हायस्कुलात होतो आणि निबंधात पहिला येत होतो. एवढ्या भांडवलावर मी मंडळीचा लेखक झालो. त्याचे कारण साधे होते. साक्ष शुद्ध भाषेत द्यावी असा अलिखित दंडक होता. बुलडाण्याचे, मलकापूरचे, जालन्याचे पाहुणे समोर बसलेले असत आणि आपली बोली त्यांच्यापुढे काढायची आमच्या लोकांना लाज वाटे. "मले तसं बोलता येत नाही. तू लिहून दे बे," असे प्रथम मार्थाबाई म्हणाल्या. मार्थाबाई बाजारात भाजी विकत. त्यांना तीन दिवस ताप आला होता आणि प्रार्थनेने उतरला होता. मी लिहायला बसलो. तीन दिवस फारच थोडे वाटले. मी नऊ केले. मग डॉक्टरांनी आशा सोडली. मग सुतार शवपेटीचे माप घ्यायला दारात येऊन उभा राहिला. मार्थाबाईंनी ती साक्ष पाठ करून दिली आणि मांडवात बायकांनी डोळे पुसले. पुढल्या वर्षी त्यांनी तीच साक्ष पुन्हा दिली. त्या वेळी ताप बारा दिवसांचा होता. ती वाढ त्यांची स्वतःची होती.

साक्ष लिहिण्याची एक रीत मी त्या दोन वर्षांत बसवली होती. आधी खड्डा, मग हात, मग उजेड. खड्डा जितका खोल तितका उजेड मोठा. यात काही गैर आहे असे मला वाटले नाही. शेवटी गौरव देवाचाच होत होता. मी फक्त त्याला थोडी अधिक जागा करून देत होतो. दहा आज्ञांपैकी नववी, खोटी साक्ष देऊ नको, मला पाठ होती. ती कोर्टातल्या लोकांसाठी असावी असा माझा समज होता.

त्या वर्षी काकांची मुलगी करुणा हिच्यासाठी देऊळगाव राजाचे स्थळ आले. मुलगा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. त्याचे वडील शिमोनराव शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, तिकडच्या मंडळीचा कारभार पाहणारे वडीलजन, करारी म्हणून प्रसिद्ध. मुलगी त्यांना पसंत होती. त्यांनी निरोप पाठवला की सभेला येऊ, मुलीच्या वडिलांची साक्ष ऐकू आणि मग बोलणी करू. माणूस देवासमोर कसा उभा राहतो ते पाहिल्याशिवाय मी सोयरीक जोडत नाही, असे त्यांचे शब्द होते. तो निरोप ऐकून काकांनी चहाची बशी खाली ठेवली. त्यांनी जन्मात साक्ष दिली नव्हती. करुणा मला राखी बांधत असे. हे स्थळ तिच्या मनात भरले होते, हे एका विटेच्या भिंतीमुळे आम्हा सर्वांना माहीत होते.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला दवाखान्यात बोलावले. दवाखाना म्हणजे एक खोली, एक पडदा आणि कार्बोलिकचा वास. डॉक्टर आठवड्यातून दोनदा बुलडाण्याहून येत. एरवी काका त्यांच्या चिठ्ठ्यांप्रमाणे औषध देत. लोक घरून बाटली आणीत. काका ती धूत, मिक्श्चर भरत, कागदाची पट्टी कात्रीने खाचा पाडून कापत आणि खळीने बाटलीवर चिकटवत. एक खाच म्हणजे एक डोस. मी स्टुलावर बसलो आणि वही उघडली.

"काका, तुमचं पाप कोणतं?"

काकांनी धुतलेली बाटली पालथी ठेवली. "पेरू," ते म्हणाले.

"पेरू?"

"मिशनच्या बगिच्यातले. लहान होतो तवा तोडले."

"किती?"

"दोन. त्यातला एक कच्चाच होता."

मी ते लिहून घेतले. "काकूंशी भांडण?"

"ते भांडते ना. मी ऐकतो."

"मनात वाईट विचार?"

"येते कधी कधी. दुपारी. मंग झोप लागून जाते."

"आठवा ना काका. काही तरी मोठं."

"तू लिहिनारा आहे बे. मी काय सांगू?" ते म्हणाले, आणि एका म्हातारीची बाटली उजेडाकडे धरून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. थेंब मोजत असावेत असे मला वाटले. म्हातारी कंटाळून म्हणाली, "दे ना गा आता. बस निंघून जाईन माही." काकांनी बाटली दिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "नीट लिहिजो. माह्या पोरीचं आहे."

मी पेरूंवर एक पान लिहून दिले. काकांनी ते आठ दिवस पाठ केले. भिंतीतून ते मला ऐकू येई आणि दर दिवशी अधिक सपक वाटे. सभेच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी चर्चच्या मागच्या कोठीत बसलो होतो. बाजूला दुपारच्या वरण-बट्टीच्या पिठाची पोती होती, बाहेर बायका परातीत कणीक तिंबत होत्या आणि गोवऱ्यांचा धूर आत येत होता. शिमोनराव आले आहेत आणि पहिल्या रांगेत बसले आहेत, असे कोणी तरी ओरडून सांगितले. त्या क्षणी मला खात्री पटली की दोन पेरूंवर करुणाचे लग्न होणार नाही. मी नवे पान घेतले. लेखणी भराभर चालली. सभा सुरू होताना मी ते पान काकांच्या हाती दिले. "काय बदललं बे?" त्यांनी विचारले. "काही नाही. अक्षर सुधारलं," मी म्हणालो.

हे उत्तर मी येथे मुद्दाम नोंदवतो. पुढे मी शेकडो पाने कल्पनेने लिहिली. त्यांतले एकही खोटे होते असे मला वाटत नाही. हे चार शब्द खोटे होते.

काका उभे राहिले. चष्मा लावला. पहिले वाक्य नेहमीचेच होते: प्रभूच्या नावाने सर्वांना सलाम. दुसरे वाक्य होते, "मी मद्याचा दास होतो." काका थांबले. त्यांनी कागद थोडा दूर धरला, मग जवळ आणला. मग माझ्याकडे पाहिले. मी कडुनिंबाकडे पाहिले. त्यानंतर काका वाचू लागले आणि थांबले नाहीत. औषध देताना ते जसे प्रत्येक खाचेवर थांबत, तसे प्रत्येक पूर्णविरामावर थांबत त्यांनी सगळे वाचले. "माझ्या घरात चूल पेटत नसे; परंतु माझा प्याला कधी रिकामा नसे. मी माझ्या निष्पाप पत्नीवर हात उगारला. तिच्या गळ्यातले डोरले मी काढून घेतले आणि विकून मद्य प्यालो."

"दवाखान्यातलं स्पिरिट लवकर काऊन संपते, ते आज समजलं," असे मागून कोणी तरी म्हणाले, आणि पुरुषांची बाजू हसली. बायकांच्या बाजूला सुशीलाकाकू उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज बाजाराच्या दिवशीही बस स्टँडपर्यंत पोचत असे.

"काय वाचून राह्यले हो तुम्ही? कोनाचं आहे हे?" त्यांनी गळ्यातले डोरले बोटात धरून सर्वांना दाखवले. "अन् हे काय आहे मंग? इकलं म्हनता ना? हे काय झाडाले लागलं?"

"थांब वं. थोडंच राह्यलं," काका म्हणाले, आणि उजेडाचा परिच्छेद वाचून खाली बसले.

का थांबला नाहीत, असे मी त्यांना पुढे विचारले. ते म्हणाले, "चिठ्ठीत जे लिहिलं असन तेच द्यायचं. आपल्या मनानं कमी-जास्त नाही करायचं. तीस वर्साची सवय आहे बे." मी त्या सवयीचा विचार केला नव्हता. ती माहीत असूनही केला नव्हता.

मांडवात आता कोणी हसत नव्हते. शिमोनरावांची पांढरी टोपी त्यांच्या गुडघ्यावर होती. ती त्यांनी उचलली आणि डोक्यावर घातली. उपासनेत आमच्याकडे पुरुष टोपी काढून बसतात. घातली याचा अर्थ निघालो. करुणा बायकांत खाली मान घालून बसली होती. वडील व्यासपीठावर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. तरी त्यांना कळले आहे हे मला कळले, कारण उजेडाचा परिच्छेद मी त्यांच्याच ईस्टरच्या प्रवचनातून उचलला होता. त्यांनी गीतांचे पुस्तक उघडले आणि एका गीताचा क्रमांक सांगितला. गीत म्हणताना सगळ्यांना उभे राहावे लागते आणि मध्येच निघून जाता येत नाही. शिमोनरावांनी टोपी पुन्हा काढली. त्या गीताची अकरा कडवी आहेत. आम्ही त्यातली तीन म्हणत असू.

"सर्व कडवी," वडील म्हणाले.

ते गीत मला आजही सबंध पाठ आहे. पहिल्या तीन कडव्यांत मी ठरवले की काका स्वतःच सांगतील. चौथ्या कडव्यात मला आठवले की काका कोणाविरुद्ध बोलत नाहीत. पाचव्यात विचार केला की उद्या बसने देऊळगावला जाऊन शिमोनरावांना एकट्याला सांगावे. सातव्यापर्यंत तो विचार टिकला. आठव्याला शब्द कोणालाच येत नव्हते. वडील आणि पेटी एवढेच गात होते, आणि त्यातही एक सूर नव्हता. दहाव्याला मी करुणाकडे पाहिले. तिचा पदर तोंडात होता. अकरावे कडवे संपले. वडिलांनी पुस्तक मिटले, चष्मा काढला आणि मांडवाच्या कनातीकडे पाहत विचारले, "आणखी कोणाला काही सांगायचे आहे काय?"

मी उभा राहिलो. मनात एक वाक्य तयार होते, शुद्ध आणि डौलदार. तोंडातून आईची भाषा आली.

"काकानं असं काही केलं नाही. ते पीत नाही. म्या लिहिलं ते. काकाले माहीत नव्हतं."

"काऊन बे?" मागून आवाज आला.

"पेरूचं सपक लागत होतं म्हनून."

आमच्या दोन घरांपलीकडे पेरू कोणालाच माहीत नव्हते, त्यामुळे मांडवाला हे समजले नाही. तेवढ्यात मार्थाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "अन् माहा ताप बे? तोबी तूच लिहिला काय?"

"ताप खरा आहे, मावशी. तीन दिवस होता."

"बारा दिवस होता! सुतार आला होता दारात!" त्या माझ्यावर कायमच्या रागावल्या. तो सुतार त्यांच्या दारात येऊन गेला होता, याबद्दल त्यांना शेवटपर्यंत शंका नव्हती.

हशा ओसरेपर्यंत शिमोनराव बसून राहिले. मग त्यांनी टोपी हातात धरूनच काकांना विचारले, "या पोराचं झालं. आता तुमची साक्ष कोणती, ते तुम्ही सांगा. कागद नको."

काका उठले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हते. शेवटी त्यांनी चष्मा काढून दोन्ही हातांत धरला.

"मले सांगाले काही नाही," ते म्हणाले. "एक बार बाजाराचा दिवस होता. खेड्यावरची एक बाई लेकराचं औषध न्यायाले आली. गर्दी लय. म्या तिले अंगाले लावायची बाटली देली, पोटात घ्यायची म्हनून. ती गेली अन् मंग माह्या ध्यानात आलं. बरोबरची बाटली घेतली, दवाखाना तसाच उघडा टाकला अन् पयालो. नदीच्या पलीकडं त्याहीची गाडी गाठली. लेकरू रडून राह्यलं होतं. रडून राह्यलं म्हनजे जितं आहे. बाटलीचं बूच तसंच होतं. म्या बाटली बदलून देली अन् तथीच रस्त्यात बसलो. तवापासून हरेक बाटली हातात धरून मी प्रभूले म्हनतो, बापा, हे बरोबर आहे का, एकदा पाहून घे. मंगच देतो. लोक म्हनते, काका लय टाइम लावते. लावतो मी. एवढंच आहे."

ते खाली बसले. मांडवात असा एकही माणूस नव्हता की ज्याने त्या दवाखान्यात ताटकळत उभे राहून काकांच्या हलणाऱ्या ओठांना नावे ठेवली नव्हती. मी तर ते जवळून पाहिले होते. थेंब मोजतात असे धरून चाललो होतो. विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. मी वही घेऊन समोर बसलो होतो आणि त्यांना पाप विचारत होतो.

शिमोनरावांनी टोपी पुन्हा गुडघ्यावर ठेवली. मग ते सुशीलाकाकूंकडे वळले. "हात उगारल्याचंही खोटंच ना, बाई?"

"हात?" काकू म्हणाल्या. "याहीच्यानं डास मरत नाही. म्या मारला तर म्हनते, हळू मार."

शिमोनराव हसले. ते हसतात हे त्यांच्या बायकोलाही नवीन असावे, कारण तिने वळून पाहिले. "पाळकसाहेब, प्रार्थना करा," ते म्हणाले. "बट्ट्या थंड होत आहेत." बोलणी वरण-बट्टीच्या पंगतीतच झाली. काकांनी हो म्हणण्यापूर्वी इतका वेळ लावला की शिमोनरावांनी विचारले, "हेही वर विचारून सांगता का?" काका म्हणाले, "हाव."

माझा निकाल राहिला होता. मी पंगतीत टोकाला बसलो होतो. आईने वाढताना एक बट्टी अधिक टाकली. वडील जेवून हात धुऊन आले आणि म्हणाले, "वही आण." वही म्हणजे माझे सर्व लेखन: साक्षींचे मसुदे, आणि मागच्या बाजूने सुरू केलेल्या तीन गोष्टी, ज्या मी कोणालाही दाखवल्या नव्हत्या. ती चुलीत जाणार अशी माझी समजूत होती. मी ती आणून दिली. वडिलांनी ती दोन्ही बाजूंनी उघडून पाहिली. मागच्या बाजूला ते जास्त वेळ थांबले.

"या कोणाच्या?" त्यांनी विचारले.

"माझ्या. गोष्टी आहेत."

"यातली माणसे कोण?"

"कोणी नाहीत. मनाची आहेत."

वडिलांनी वही मिटली. "ज्यावर दुसऱ्याचे नाव असेल, त्यात तुझा शब्द घालू नकोस. ज्यावर तुझे नाव असेल, त्यात काय लिहायचे ते तू आणि देव पाहा. देवाला तुझ्या खड्ड्यांची गरज नाही." मग ते फळीपाशी गेले. बायबल उचलले, माझी वही तिथे ठेवली आणि बायबल तिच्यावर ठेवले. शिक्षा वेगळी होती. महिनाभर शाळेच्या आधी दवाखान्यात जाऊन बाटल्या धुवायच्या आणि रोज तिथे जे पाहिले त्याचे एक पान लिहायचे. "एक पान. जसे असेल तसे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून वही काढायची तर आधी बायबल उचलावे लागे. माझ्या टेबलावर आजही तीच व्यवस्था आहे. लोक येतात. चर्चमधले विचारतात, ख्रिस्ती असून अशी माणसे का रंगवता? साहित्यातले विचारतात, लेखक असून दर रविवारी तिथे का जाता? दोघांनाही मी चहा देतो.

त्या महिन्यात मी तीस पाने लिहिली. पहिली आठ वाचण्यासारखी नाहीत. त्यांत मी बाटल्यांना उपमा दिल्या आहेत. नवव्या पानावर एक शेतकरी औषधाच्या बाटलीला नाक लावून म्हणतो, "हे कडू आहे ना? मंग गुन येईन." ते त्याने म्हटले होते. तिथून पुढे बरे आहे. करुणाचे लग्न ईस्टरनंतर झाले. पंगतीत काकूंनी माझ्या पानात जिलबी वाढली आणि म्हणाल्या, "खाय बे. खरी आहे. लिहिलेली नाही."

माझी पहिली गोष्ट मासिकात छापून आली ती एका कंपाउंडरची. तो कंपाउंडर दारू पितो. मंडळीतल्या एका वडीलजनांनी वडिलांकडे तक्रार केली की पाळकाच्या मुलाने दारुड्यावर लिहावे हे शोभत नाही. वडिलांनी अंक मागून घेतला, गोष्ट वाचली आणि त्यांना विचारले, "वर नाव कोणाचे आहे?" "तुमच्या मुलाचे," ते म्हणाले. "मग ठीक आहे," वडील म्हणाले, आणि अंक फळीवर ठेवला, खालच्या बाजूला.

काकांना ती गोष्ट मी स्वतः वाचून दाखवली. त्यांच्या ओट्यावर, संध्याकाळी, चहा पिताना. मला भीती होती ती त्यांचीच. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. बशी रिकामी झाली तरी हातातच होती.

"हा कोन आहे बे?" त्यांनी विचारले.

"कोणी नाही, काका. मनाचा आहे."

"बरा आहे." मग बशी खाली ठेवून म्हणाले, "पन हा बाटली अशी झटक्यात काऊन देते?"

"पिणारा आहे ना. निष्काळजी."

"नाही बे." काकांनी मान हलवली. "पिनारा अजून हळू देईन. त्याले भेव असते, आपला हात चुकन म्हनून."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मले भेव आहे ना," काका म्हणाले.

पुस्तकात घेताना मी तेवढा भाग बदलला. गोष्टीतला कंपाउंडर आजही दारू पितो. बाटली मात्र तो दोन्ही हातांनी उजेडाकडे धरतो, आणि देण्यापूर्वी त्याचे ओठ हलतात. का हलतात, ते मी लिहिलेले नाही.